दोन मोठ्या शर्यतींच्या मधले आठवडे : वाचकांचे प्रश्न

चालण्याच्या शर्यतीबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. एक मोठी शर्यत झाली, पुढची काही महिन्यांवर आहे. मधल्या काळात नेमकं करायचं काय? पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, की या खेळात दम संपण्याआधी पाऊल बिघडतं. पळणारा थकला तर तो मंदावतो. चालणारा थकला तर त्याचे पाय जमिनीवरून सुटतात किंवा गुडघा वाकतो, आणि नियम मोडल्याबद्दल पंचांचं लाल कार्ड मिळतं. त्यामुळे मधल्या आठवड्यांची आखणी थकलेल्या पायांना नीट चालायला शिकवण्यावर बेतलेली हवी.

प्रश्न : माझी २० किलोमीटरची वेळ १ तास ४० मिनिटं आहे. पुढची मुख्य शर्यत बरोबर १८ आठवड्यांनी आहे. आठवड्याला जास्तीत जास्त ७५ किलोमीटर चाल झेपते. हे आठवडे कसे वाटून घेऊ?

२ आठवडे विश्रांती, ७ आठवडे पायाभरणी, ७ आठवडे शर्यतीच्या वेगाची तयारी आणि शेवटचे २ आठवडे भार उतरवणं, अशी वाटणी करा.

पहिल्या आठवड्यात शर्यतीची चाल पूर्ण बंद. पोहणं, सायकल किंवा साधं फिरणं रोज अर्धा-पाऊण तास चालेल. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस, दर वेळी ६ ते ८ किलोमीटर, घड्याळाकडे न बघता. विश्रांतीचा हा काळच सगळ्यात जास्त वेळा बुडवला जातो, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी पाय हलके वाटायला लागतात. स्नायूंची दुखण लवकर ओसरते. टाचेमागची शीर, नडगीचं हाड आणि खुब्याभोवतीचे बंध मात्र सावकाश भरून येतात. ते दुखून सांगत नाहीत, म्हणून फसायला होतं. आणि मग सहाव्या-सातव्या आठवड्यात, ऐन रंगात आलेला सराव थांबवावा लागतो.

पायाभरणीत आठवड्याचं अंतर असं ठेवा : ५०, ५५, ६०, मग उतरून ४५, पुन्हा ६४, ७० आणि ७५ किलोमीटर. मधला उतार गाळू नका. तुमचा शर्यतीचा वेग किलोमीटरला ५ मिनिटांचा आहे, म्हणजे सोपी चाल ५:५० ते ६:१५ च्या दरम्यान यायला हवी. आठवड्यात एक लांब चाल (१४ वरून २२ किलोमीटरपर्यंत), एक सलग दमदार चाल (८ वरून १२ किलोमीटरपर्यंत, वेग ५:२० ते ५:३०) आणि एक चढाचा सराव घ्या. चढ सौम्य हवा, शंभर मीटरला ३-४ मीटर उंची घेणारा. त्यावर ३०० मीटरच्या ८ फेऱ्या, उतरताना अगदी आरामात. चढावर पाऊल आपोआप आखूड होतं आणि मागच्या पायाने रेटा द्यावाच लागतो. सपाटीवर शिकवायला अवघड असलेली गोष्ट तिथे विनासायास जमते. उतारावर मात्र वेग घेऊ नका. तिथे जमिनीशी संपर्क सुटतो आणि नडगीवर मार बसतो. शिवाय आठवड्यातल्या दोन-तीन सोप्या चालींच्या शेवटी १०० मीटरच्या ८ चपळ फेऱ्या घ्या, मधे १०० मीटर संथ.

शर्यतीच्या वेगाच्या सात आठवड्यांत तीन कामं महत्त्वाची. मंगळवारी १ किलोमीटरच्या ८ फेऱ्या ४:४५ ते ४:५० ला, मधे २०० मीटर संथ, साधारण दीड मिनिटात. शुक्रवारी ४ किलोमीटरचे ३ टप्पे नेमके ५:०० ला, मधे १ किलोमीटर सोपा. दोन-तीन आठवड्यांनी हे टप्पे ५ किलोमीटरचे करा. रविवारी २० ते २४ किलोमीटर लांब चाल, त्यातले शेवटचे ५ किलोमीटर ५:१० ला. ज्या आठवड्यात ५ किलोमीटरचे तीन टप्पे असतील, त्या आठवड्यात रविवारचा शेवट सोपा ठेवा. तिन्ही कामं जोरात घेतली तर तिसरं कच्च्या पावलाने होतं, आणि कच्चं पाऊल अंगवळणी पडतं. मंगळवारी आठवा किलोमीटर ४:४५ ला बसला पण खांदे कानाकडे चढले होते, तर तो न केलेला बरा होता. सहाव्या फेरीत पाऊल बिघडलं तर सहावर थांबा.

मुख्य शर्यतीच्या तीन आठवडे आधी एक रंगीत तालीम करा : १ किंवा २ किलोमीटरच्या घेऱ्यावर, वळणांसह, शर्यतीच्याच बुटांत, १२ ते १४ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. शेवटचे दोन आठवडे भार उतरवायचा. पहिल्या आठवड्यात ५२ किलोमीटरच्या आसपास, दुसऱ्यात शर्यत सोडून ३० च्या आसपास. कमी करायची ती फेऱ्यांची संख्या, वेग नाही. ८ च्या जागी ५ फेऱ्या, आणि शर्यतीच्या चार दिवस आधी फक्त ३, शर्यतीच्या वेगाने. वेगही उतरवला तर शर्यतीच्या सकाळी पाय जड वाटतात आणि पावलांचा ठेका सापडायला तीन-चार किलोमीटर जातात.

प्रश्न : मागच्या शर्यतीत शेवटच्या चार किलोमीटरमध्ये संपर्क सुटल्याबद्दल दोन लाल कार्डं आली. तिसरं थोडक्यात वाचलं. सरावात प्रशिक्षकांना तर काहीच चूक दिसत नाही. सुधारणा कुठून सुरू करू?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. प्रशिक्षक तुम्हाला ताजेतवाने असताना बघतात, पंच सोळाव्या किलोमीटरनंतर.

नियम दोन अटी घालतो. नुसत्या डोळ्यांना दिसेल असा जमिनीशी संपर्क सुटता कामा नये. आणि पुढचा पाय टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर उभ्या रेषेत येईपर्यंत त्या पायाचा गुडघा सरळ हवा. पहिल्या अटीतले ‘नुसत्या डोळ्यांना’ हे शब्द कळीचे. जलद चालणाऱ्या जवळपास प्रत्येकाचे दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. हा क्षण साधारण ४० मिलिसेकंदांच्या आत असेल तर डोळ्याला तो सहसा पकडता येत नाही. तेव्हा तुमचा हा क्षण किती मोठा आहे आणि थकल्यावर तो किती वाढतो, हे आधी मोजा.

त्यासाठी मोबाइल पुरतो. तो स्टँडवर कमरेच्या उंचीला लावा, चालण्याच्या रेषेपासून ८-१० मीटर बाजूला, रेषेला काटकोनात. कॅमेरा फिरवू नका. चौकटीत तीन-चार पावलं आली की झालं. सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन निवडा, म्हणजे प्रत्येक चित्र ४ मिलिसेकंदांपेक्षा किंचित जास्त वेळाचं. मागच्या पायाचा अंगठा जमीन सोडतो त्या चित्रापासून पुढची टाच टेकते त्या चित्रापर्यंत मोजत जा. १० चित्रं आली तर ४२ मिलिसेकंद झाले, म्हणजे धोका. सरावात स्वतःची मर्यादा ७ चित्रांची ठेवा. एकदा दुसऱ्या किलोमीटरला आणि एकदा सरावाच्या शेवटच्या किलोमीटरला चित्रण करा. डाव्याकडून उजव्या पायावर आणि उजव्याकडून डाव्यावर, दोन्ही वेगवेगळे मोजा. एकीकडे ४ आणि दुसरीकडे ९ असं आढळलं तर दोष बहुधा एका बाजूच्या हाताच्या झोक्यात किंवा खुब्याच्या आखडण्यात असतो, आणि त्यासाठी सगळी चाल बदलायची गरज नसते.

आता शेवटी हा आकडा का वाढतो ते पाहू. किलोमीटरला ५ मिनिटं म्हणजे सेकंदाला ३.३३ मीटर. मिनिटाला १९० पावलं पडत असतील तर एक पाऊल १.०५ मीटरचं होतं. थकल्यावर ठेका १७८ वर उतरला आणि तुम्ही वेग मात्र सोडला नाहीत, तर पाऊल १.१२ मीटरचं व्हावं लागतं. हे जास्तीचे सात सेंटिमीटर दमलेला माणूस खुब्यातून काढू शकत नाही. तो ते उसळून काढतो. चित्रणात हे आधी हातात दिसतं. मूठ छातीच्या वर जाते, कोपर आवळलं जातं, खांदे उचलले जातात आणि त्यांच्यामागे सगळं शरीर वर उचललं जातं.

म्हणून शेवटच्या टप्प्यात ठेका राखायला शिका. आठवड्यातून एकदा १२ किलोमीटर दमदार चालून झाल्यावर लगेच २०० मीटरच्या १० फेऱ्या घ्या, मधे २०० मीटर संथ. वेग शर्यतीपेक्षा थोडा जास्त, कानात मेट्रोनोमचा (ठरावीक गतीने टिकटिक करणाऱ्या साधनाचा) मिनिटाला १९० चा ठेका. मूठ मागे जाताना कमरेच्या हाडाला जवळजवळ घासून जाऊ द्या आणि पुढे येताना छातीच्या हाडापाशी थांबवा. हात खाली आले की शरीर खाली येतं. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि शर्यतीतही ऐन वेळी कामाला येतो.

शर्यतीतलं गणितही पक्कं असू द्या. पंच दाखवतात ते पिवळं फलक ही ताकीद आहे : नागमोडी रेघ म्हणजे संपर्क, कोनाची खूण म्हणजे गुडघा. ते मोजणीत धरत नाहीत. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं आली की, दंडकक्ष (शिक्षा म्हणून थांबायची जागा) असलेल्या २० किलोमीटरच्या शर्यतीत तिथे २ मिनिटं थांबावं लागतं. त्यानंतर आणखी एका पंचाचं कार्ड आलं की शर्यत संपली. दंडकक्ष नसेल तर तिसऱ्या कार्डालाच बाद. लाल कार्डांची नोंद दाखवणाऱ्या मोठ्या फलकावर आपल्या क्रमांकापुढे दोन खुणा दिसल्या आणि तीन किलोमीटर उरले असतील, तर किलोमीटरला ५ सेकंद सोडा. एकूण १५ सेकंद जातील. दोन मिनिटांपुढे हा सौदा केव्हाही परवडतो.

पंच उभे असतात तेवढ्यापुरतं नीट चालायचं, असा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. दर घेऱ्याला चाल बदलणाऱ्याचा ठेका मोडतो, आणि मोडलेला ठेका पंचांना लांबून दिसतो.

प्रश्न : सराव पुन्हा सुरू केला की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नडगीच्या पुढच्या बाजूला आग होते. पाऊल आपटायला लागतं. थांबलं की बरं वाटतं. हे कशाने?

टाच टेकल्यावर चवडा अलगद खाली उतरवण्याचं काम नडगीच्या पुढचा स्नायू करतो. १०० मिनिटांच्या शर्यतीत मिनिटाला १९० पावलं धरली तर प्रत्येक पाय साडेनऊ हजार वेळा टेकतो, म्हणजे या स्नायूला तेवढ्या वेळा चवडा तोलून धरावा लागतो. विश्रांतीत तो लवकर सैलावतो. थकला की चवडा आपटतो. तुम्हाला ऐकू येतो तो हाच आवाज.

सुरुवातीचे २-३ किलोमीटर ६:३० पेक्षा जलद जाऊ नका. भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभे राहा. दोन्ही चवडे वर उचला आणि तीन सेकंद घेत खाली आणा. २० चे ३ संच, आठवड्यातून चार दिवस. त्याच दिवशी टाचांवर ३० मीटरच्या ४ फेऱ्या. बुटांची टाच जाड असेल तर जमिनीला लागताना तरफेसारखी काम करते आणि चवडा जोराने खाली खेचते. चालणारे बुटात कमी उंचीची टाच आणि सहज वाकणारा पुढचा भाग बघतात तो याचसाठी. लेस घोट्यापाशी करकचून बांधू नका. रस्ता कडेला उतरता असेल तर रोज एकाच बाजूने चालल्याने एकाच पायावर ताण येतो, तेव्हा दिशा बदलत जा. बोटं मुद्दाम ताणून वर धरण्याची सवय असेल तर ती सोडा. टाच आधी टेकली की पुरे.

एक मात्र तपासा. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच नाण्याएवढ्या जागी दुखत असेल, किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर चाल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा; हाडाला चीर पडत असल्याची शक्यता असते. पावलाला बधिरपणा येत असेल तरीही वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवून घ्या.

प्रश्न : मधल्या काळात पळलं तर चाल बिघडते का?

विश्रांतीच्या आणि पायाभरणीच्या पहिल्या आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा अर्धा तास हळू पळल्याने काही बिघडत नाही. पण पळताना टेकलेला गुडघा वाकवून धक्का झेलायचा असतो, आणि चालताना नेमकं तेच निषिद्ध. म्हणून शर्यतीच्या वेगाची तयारी सुरू झाली की पळणं बंद. दमासाठी जास्तीचं काम हवंच असेल तर सायकल घ्या.

प्रश्न : गुडघ्यासाठी पिवळं फलक मिळालं. मांडीमागचे स्नायू आखडलेत असं सांगितल्यामुळे दोन महिने रोज ताण देतेय. फरक नाही.

ताण देणं चुकीचं नाही, पण मूळ कारण बहुधा दुसरं आहे. लाल कार्डांबद्दलच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे चित्रण करा आणि टाच टेकते त्या चित्रावर थांबा. खुब्यातून सरळ खाली रेघ ओढली तर टाच तिच्या पुढे किती आहे? पाय फार पुढे टाकला की टाच ब्रेकसारखी रुतते, आणि शरीर त्यावरून पुढे सरकेपर्यंत गुडघा सरळ धरणं अशक्य होऊन बसतं. तो मऊ पडतो. पावलाची लांबी मागे मिळवायची असते : खुबा फिरवून, मागचा पाय जमिनीवर जास्त वेळ ठेवून, अंगठ्याने रेटून. यासाठी दोन्ही हात डोक्यावर ठेवून ६० मीटर चालण्याच्या ४ फेऱ्या करा. हातांची मदत गेली की खुबे हलवावेच लागतात. मग जमिनीवरची सरळ रेघ पकडून, पाऊल रेघेच्या पलीकडे टाकत तेवढ्याच फेऱ्या.

जोडीला ताकद हवी. गुडघ्यामागे रबरी पट्टा अडकवून पाय पूर्ण सरळ करणं, १५ चे ३ संच. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन उचलणं, ८ चे ३ संच. पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, १० चे ३ संच. पायाभरणीत आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, शर्यतीच्या दहा दिवस आधी बंद. सहा आठवड्यांत चित्रात फरक दिसायला हवा. आधी जमिनीवर पाय लांब करून बसा आणि गुडघे पूर्ण सरळ होतात का ते पाहा. बसल्या जागीही ते वाकडेच राहत असतील तर फिजिओथेरपिस्टकडून सांधा तपासून घ्या, कारण तिथे नुसत्या व्यायामाने भागत नाही.

प्रश्न : आमच्याकडच्या स्पर्धा आता अर्ध मॅरेथॉनच्या अंतरावर होणार म्हणतात. सराव किती बदलायचा?

वर्ल्ड ॲथलेटिक्सने २०२६ पासून मोठ्या स्पर्धांसाठी २० आणि ३५ किलोमीटरऐवजी अर्ध मॅरेथॉन आणि मॅरेथॉन ही अंतरं घेतली आहेत. २० वरून २१.०९७५ वर जाणाऱ्यांना ५:०० च्या वेगाने साडेपाच मिनिटं जास्त चालावं लागेल. लांब चाल दोन-तीन किलोमीटरने वाढवा, बाकी आखणी तशीच. ३५ वरून ४२.१९५ वर जाणाऱ्यांचं काम मात्र खरोखर वाढलं आहे. सात किलोमीटरची भर, आणि तीही पाऊल सगळ्यात कच्चं असतं तिथे. त्यांना लांब चालीबरोबर खाण्यापिण्याची योजनाही नव्याने बसवावी लागेल.

प्रश्न : शर्यतीत बाटली घेतली की माझी लय जाते. म्हणून मी पितच नाही. १ तास ४० मिनिटांना पाण्याशिवाय भागेल का?

गारव्यात कदाचित भागेल. उकाड्यात शेवटचे पाच किलोमीटर त्याची किंमत वसूल करतील, आणि ती पावलातून.

आधी स्वतःचा घाम मोजा. शर्यतीच्या वेगाने एक तास चालण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. १.१ किलो घटलं आणि मधे ३०० मिलिलिटर प्यायला असाल तर घाम तासाला १.४ लिटर. सगळा भरून काढायचा नसतो. वजनातली घट २ टक्क्यांच्या आसपास राहिली तर चालतं. २ किलोमीटरच्या घेऱ्यावर तुमच्यापुढे दर १० मिनिटांनी टेबल येईल. दर वेळी १०० मिलिलिटर घेतलं तर तासाला ६००. पेयात १०० मिलिलिटरला ७ ग्रॅम साखर असेल तर तासाला ४२ ग्रॅम मिळते, आणि या अंतराला तेवढी पुरते.

लय जाते कारण हात थांबतो. एका बाजूचा हात थांबला की विरुद्ध बाजूचा खुबा फिरायचा थांबतो आणि पाऊल उडतं. त्यामुळे बाटली घेणं हाही सरावाचा भाग करा. मऊ, चेपणारी, मुठीत मावेल अशी बाटली टेबलाच्या कडेला ठेवा, टेबलाच्या बाजूच्याच हाताने घ्या, आडवे झुकू नका. घेतल्यावर आधी आठ-दहा पावलं हात नेहमीसारखा झुलवा, बाटली हातातच. मग मान मागे न टाकता, नजर समोर ठेवून, बाटली चेपून दोन घोट. मान मागे गेली की पाठीला बाक येतो आणि पोट पुढे येतं. पुन्हा आठ-दहा पावलं, पुन्हा दोन घोट. रविवारच्या लांब चालीत दर २ किलोमीटरला हे करा, आणि शेवटच्या ५ किलोमीटरमधल्या एका बाटलीच्या वेळी बाजूने चित्रण करून हवेतली चित्रं मोजा. बाटली हातात असतानाही आकडा ७ च्या आत आला, की शर्यतीत प्यायला हरकत नाही.